डार्टमूरवरचं पडकं शिळावर्तुळ शोधायचं कसं आणि बघायचं कसं

पहिल्यांदा सिटाफर्डला, म्हणजे डार्टमूरवरच्या एका पडक्या शिळावर्तुळाकडे गेलो तेव्हा मी एका आडव्या दगडावर बसून निवांत सँडविच खाल्लं, थर्मासमधला चहा प्यायलो, आणि मग उठून पुन्हा वर्तुळ शोधायला लागलो. बायको म्हणाली, "अरे तू इतका वेळ बसला होतास कशावर ते बघ की आधी." बघितलं. त्यातलाच दगड होता. चाळीस मिनिटं आम्ही वर्तुळाच्या आत-बाहेर करत होतो आणि वर्तुळ कुठाय म्हणून फोनला शिव्या घालत होतो.

म्हणून हे लिहितोय. इंग्लंडमध्ये दगडी वर्तुळ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर स्टोनहेंज येतं, तिकीट, दोरी, ऑडिओ गाइड, लांबून फोटो. डेव्हनमधल्या डार्टमूरवर तसलं काही नाही. मूर म्हणजे उघडा माळ, वारा, मेंढ्या, आणि गवतात गुडघ्याएवढे किंवा त्याहून कमी, कधीकधी पूर्ण झोपलेले दगड. पाटी नाही, कुंपण नाही, सांगायला कोणी नाही. शोधायचं पण आपण आणि समजून घ्यायचं पण आपण, त्यामुळे जरा तयारीने गेलं तर मजा आहे नाहीतर नुसतीच पायपीट.

मी जो रूट सांगतोय तो एका दिवसाचा आहे, जाऊन-येऊन साधारण दहा-अकरा किलोमीटर, फर्नवर्दी जलाशयापासून सुरू. यात तीन वेगवेगळ्या तब्येतीची वर्तुळं बघून होतात. एक जंगलातल्या मोकळ्या जागेत उभं असलेलं, एक शंभर वर्षांपूर्वी डागडुजी करून पुन्हा उभं केलेलं, आणि शेवटचं पूर्ण आडवं. ह्याच क्रमाने बघा. थेट पडक्याकडे गेलात तर आमच्यासारखी गत होईल, आधी उभी वर्तुळं बघून डोळा तयार झाला की मग आडवं पटकन कळतं.

आधी सीझनचं बोलू. उन्हाळ्यात जाऊ नका असं नाही म्हणणार, पण पडकं वर्तुळ बघायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च सगळ्यात भारी. तिथे वर जे गवत असतं, मोलिनिया म्हणतात त्याला, ते उन्हाळ्यात मांडीपर्यंत येतं आणि थंडीत सुकून पिवळं पडून जमिनीला चिकटतं, मग दगडांच्या पाठी वर दिसायला लागतात. सिटाफर्डचं वर्तुळ मुळात सापडलं तेच असं. २००७ साली माळावरचं गवत जळालेलं असताना ॲलन एन्डाकॉट या पुरातत्त्व अभ्यासकाला ते दिसलं. (तिकडे थंडीत ठरवून माळ जाळतात, चरायला नवीन गवत यावं म्हणून, त्याला स्वेलिंग म्हणतात. आपल्याकडे वणवा लावतात तसंच काहीसं, पण परवानगी वगैरे घेऊन.) तोपर्यंत शेकडो लोक त्या दगडांवरून चालून गेले असणार. उंच मूरवर नवीन वर्तुळ सापडायची शंभरेक वर्षांतली ती पहिलीच वेळ होती, म्हणजे आपल्याला चाळीस मिनिटं लागली तर फार मनावर घ्यायचं नाही.

दुसरं, थंडीत सूर्य दिवसभर खालीच असतो. तिरप्या उन्हात जमिनीवरचा वीतभर उंचवटा सुद्धा सावली टाकतो, आणि गवताखाली गाडलेला दगड त्या सावलीनेच कळतो. भर दुपारी जूनमध्ये सगळं सपाट दिसतं. फक्त डिसेंबरात दिवस फार छोटा, चारनंतर अंधारच, त्यामुळे त्या महिन्यात हा रूट नको.

आणि पाऊस. प्रिन्सटाउन हे मूरच्या मधलं गाव, तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याला कोकणातल्या पावसाची सवय असते म्हणून दोन हजार ऐकून काही वाटत नाही, पण आपला पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो, हा बारा महिने थोडा थोडा झिरपत असतो आणि खालची पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची काळी माती, तो स्पंजसारखा धरून ठेवते. म्हणून बूट वॉटरप्रूफ आणि घोट्याच्या वर येणारेच घाला, स्पोर्ट्स शूज घालून येणारे लोक पहिल्या अर्ध्या तासात ओळखू येतात. जोडीला गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंत बांधायची कव्हरं), रेनकोट, रेनपँट, एक जास्तीचे मोजे, डोक्याला टोपी, शिट्टी, टॉर्च. चारशे-पाचशे मीटर म्हणजे आपल्याला काही उंची वाटत नाही, पण वारा सुटला की मे महिन्यात सुद्धा दात वाजतात.

नकाशा कागदाचाच घ्या. ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे तिथल्या सरकारी नकाशा खात्याचा, एक्सप्लोरर ओएल २८, डार्टमूरचा, स्केल १:२५०००. ॲप पण ठेवा, मी पण ठेवतो, ऑफलाइन डाउनलोड करून, पण वर नेटवर्क येतं-जातं आणि थंडीत बॅटरी धपकन खाली येते. आणि कागदाच्या नकाशाची एक गंमत आहे जी खूप जणांना माहीत नसते. ऑर्डनन्स सर्व्हे रोमनांच्या आधीच्या आणि नंतरच्या जुन्या अवशेषांची नावं वेगळ्या, जुन्या हस्तलिखितासारख्या गॉथिक अक्षरात छापतं. एकदा हे कळलं की डार्टमूरचा नकाशा बघताना वेड लागतं, कारण जिकडेतिकडे तीच अक्षरं. वर्तुळं, दगडांच्या रांगा, केर्न (रचलेले दगडांचे ढीग), झोपड्यांचे गोल.

ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरचा जागेचा पत्ता, वाचायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे. ग्रे वेदर्सचा, म्हणजे आपल्या रूटवरच्या दुसऱ्या जागेचा, आहे एसएक्स ६३८ ८३१. एसएक्स हे नकाशातल्या मोठ्या चौकोनाचं नाव. पहिले तीन आकडे आडवे, डावीकडून उजवीकडे, पुढचे तीन उभे, खालून वर. असा सहा आकडी रेफरन्स तुम्हाला शंभर मीटरच्या चौकोनात नेऊन सोडतो, आठ आकडी दहा मीटरच्या. सिटाफर्डचं वर्तुळ एसएक्स ६३० ८२८ ला. शंभर मीटरचा चौकोन म्हणजे उभ्या दगडांसाठी पुरे, आडव्यांसाठी नाही, तिथून पुढचं डोळ्यांनी. आणि २००७ च्या आधीचा जुना नकाशा कोणी दिला असेल तर त्यावर हे वर्तुळ शोधत बसू नका.

गाडी लागतेच. बसच्या भरवशावर ह्या बाजूला येऊ नका. चॅगफर्ड गावातून फर्नवर्दीला सहाएक किलोमीटरचा रस्ता आहे पण तो रस्ता म्हणजे दोन्ही बाजूला माणसापेक्षा उंच मातीचे बांध, वर झाडी, आणि मधे एकच गाडी जाईल एवढी फट. समोरून ट्रॅक्टर आला की रिव्हर्स आपणच घ्यायचा. रिव्हर्सचा सराव नसेल तर ज्याला आहे त्याला चालवू द्या, इगो बाजूला. कारपार्क जलाशयाजवळ आहे, पैसे भरावे लागतात.

जलाशय तसा नवीन, १९४२ साली पूर्ण झालेला. त्याच्या काठाने आणि मग जंगलाच्या रस्त्याने वर चढत जायचं. जंगल म्हणजे लावलेली सूचिपर्णी झाडं, सरळ रांगेत, खाली अंधार. कधीकधी झाडतोड चालू असते आणि रस्ता बंद असल्याची पाटी असते, तेव्हा पाटी पाळा आणि दुसरी वाट धरा. दोनेक किलोमीटरवर झाडीत एक मोकळी जागा येते आणि तिथे पहिलं वर्तुळ. फर्नवर्दी किंवा फ्रॉगीमीड, दोन्ही नावं चालतात.

हे छोटं आहे, आरपार साधारण वीस मीटर, पण शिकायला उत्तम. इथे पंधरा-वीस मिनिटं घालवा. दगडांची उंची बघा, दक्षिणेकडचे उंच आणि तिथून दोन्हीकडे कमी कमी होत गेलेले. मग अंतरं बघा. दगड वेडेवाकडे असले तरी मधली अंतरं बऱ्यापैकी सारखी आहेत, आणि हीच गोष्ट पुढे उपयोगी येणार आहे. १८९७ मध्ये इथे खोदकाम झालं तेव्हा आतल्या जमिनीवर सगळीकडे कोळसा पसरलेला मिळाला, म्हणजे इथे जाळ झाले होते, आणि मोठे झाले होते. एवढं कळल्यावर त्या शांत हिरव्या जागेत उभं राहून बघा, मला तरी तिथला प्रकाश एकदम वेगळा वाटायला लागला. असो.

इथेच एक सांगून टाकतो कारण आपल्याकडचे लोक नेहमी विचारतात. विदर्भात, नागपूरजवळ जुनापाणीला वगैरे आपली शिळावर्तुळं आहेत, ती बघितली असतील तर डोक्यातून थोडी बाजूला ठेवा. ती लोहयुगातली, आणि बहुतेक दफनाची, आत दगडगोट्यांची भर. डार्टमूरची ही मोठी वर्तुळं त्याच्या कितीतरी आधीची, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची, आणि आत थडगं नसतं, मोकळी जागा असते. दिसायला भाऊ, पण नातं काही नाही. आणि ड्रुइड लोकांनी, म्हणजे तिथल्या प्राचीन केल्टिक पुजाऱ्यांनी, बांधली वगैरे जे सांगतात त्यांना हसून सोडून द्या, ड्रुइडांचे उल्लेख मिळतात ते दोन हजार वर्षांच्या आसपासचे, तोपर्यंत ही वर्तुळं पार जुनी झाली होती.

जंगल संपलं की गेट, आणि गेटच्या बाहेर एकदम आभाळ उघडतं. इथून खरा मूर सुरू. नैर्ऋत्येला थोडं चाललं की ग्रे वेदर्स, दोन वर्तुळं शेजारी शेजारी, उत्तर-दक्षिण, प्रत्येक साधारण बत्तीस-तेहतीस मीटरचं आणि मधे जेमतेम सहा मीटर जागा. वेदर म्हणजे खच्ची केलेला मेंढा, आणि लांबून धुक्यात हे दगड खरंच बसलेल्या मेंढ्यांसारखे दिसतात. त्यावरून एक गोष्ट सांगतात ती मला फार आवडते. कोणी एक नवखा शेतकरी वॉरन हाउस इन नावाच्या पबमध्ये बसून इथल्या मेंढ्यांना नावं ठेवत होता, काय तुमच्या मेंढ्या, काय त्यांचा दर्जा. गावच्या लोकांनी त्याला दोन ग्लास जास्त पाजले, धुक्यात लांबून हा कळप दाखवला आणि सौदा करून टाकला. सकाळी पठ्ठ्या कळप न्यायला आला तर हे. पब अजून आहे, समुद्रसपाटीपासून चारशे तीस मीटरवर, आणि तिथली शेकोटी १८४५ पासून विझू दिलेली नाही असं सांगतात.

पण ग्रे वेदर्सकडे बघताना एक लक्षात ठेवा. हे जे इतकं व्यवस्थित उभं आहे ते १९०९ मध्ये पुन्हा उभं केलेलं आहे. तेव्हा बरेच दगड पडलेले होते. डार्टमूर एक्सप्लोरेशन कमिटीचे लोक, त्यात रॉबर्ट बर्नार्ड, ह्यांनी त्या काळात मूरवर बरंच खोदकाम आणि डागडुजी केली. इथेही जमिनीत जळालेल्याचा थर मिळाला. मला वैयक्तिक विचाराल तर अशी डागडुजी बघताना थोडं चुकल्यासारखं होतं, म्हणजे जुन्या वाड्याला नवीन ऑइल पेंट दिल्यासारखं, पण त्यांनी केलं नसतं तर आज निम्मे लोक इथे येऊन "काहीच नाही इथे" म्हणून परत गेले असते हेही खरं. फोटोसाठी हेच वर्तुळ.

इथे प्रत्येक उभ्या दगडाच्या पायाशी वाका आणि बघा. भोवती एक खोलगट गोल झालेला असतो, पावसानंतर पाणी साचलेलं. तो मेंढ्या-गायींनी केलाय. उघड्या माळावर पाठ खाजवायला दुसरं काही नसतं, मग दगडाला अंग घासतात, गोल गोल फिरतात, खुरांनी माती जाते. दगडाच्या कडेला लोकरीचे धागे अडकलेले दिसतील. दगड पडायचं हे एक साधं कारण, माती गेली की बुडाशी ठोकलेले पाचरीचे छोटे दगड सुटतात आणि मग एखाद्या हिवाळ्यात तो कलतो. दुसरं कारण माणूस. डार्टमूरवर कुठल्याही पडक्या वर्तुळात किंवा नुसत्या मोठ्या दगडावर कडेला ओळीने अर्धगोल भोकांच्या खुणा दिसल्या, बोटभर जाडीच्या, तर समजायचं की तो फोडलेला आहे. ओळीत भोकं पाडून त्यात लोखंडी पाचरा ठोकून ग्रॅनाइट फोडायची ही पद्धत इथे साधारण १८०० नंतर आली. त्या आधीच्या खुणा भोकाच्या नसतात, लांबट खाचेच्या असतात. दगड गेले कुठे तर गेटचे खांब, भिंती, पाण्याचे पाट, पूल.

आता सिटाफर्ड. ग्रे वेदर्सच्या शेजारून एक कोरडी रचलेली दगडी भिंत जाते, तिच्या कडेने पश्चिमेला चढत गेलं की सिटाफर्ड टॉर, ५३८ मीटर. टॉर म्हणजे टेकडीच्या डोक्यावर उघडा पडलेला ग्रॅनाइटचा ढीग, हा तसा बुटकाच आहे. भिंत ओलांडायची तर पायऱ्यांच्या जागेवरूनच ओलांडा, मधूनच चढलात तर चुन्याशिवाय रचलेले दगड निसटतात आणि मग शेतकऱ्याची दिवसभराची मेहनत. टॉरवर उभं राहून चहुकडे बघून घ्या, मग नैर्ऋत्येला तीन-साडेतीनशे मीटर. उंची ५२५ मीटर, दक्षिण इंग्लंडमधलं सगळ्यात उंचावरचं वर्तुळ हेच.

आणि इथे आल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच दिसणार नाही. ठीक आहे. इकडेतिकडे पळू नका, आम्ही तीच चूक केली.

असं करा. रेफरन्सच्या जागी पोचलात की थांबा आणि एक तरी असा दगड शोधा ज्याबद्दल खात्री वाटते. खात्री कशी तर तो लांबट असतो, फळीसारखा, उभा केला तर शोभेल असा, आणि जमिनीत पाठीपर्यंत रुतलेला. टॉरच्या उतारावर आपोआप घरंगळलेले दगड पण असतातच, त्यांना इथे क्लिटर म्हणतात, पण ते कसेही, एकावर एक, लहान-मोठे, आणि उताराच्या दिशेने पसरलेले असतात. वर्तुळातले दगड एकेकटे असतात. तर असा एक सापडला की त्याच्याजवळ सॅक ठेवा, म्हणजे तो हरवणार नाही. (हसू नका, हरवतो.)

आता साधं गणित. वर्तुळ आरपार ३४ मीटर. म्हणजे परीघ साधारण १०७ मीटर. दगड तीसेक. भागा, दोन दगडांत साडेतीन मीटर, म्हणजे चार-पाच पावलं. तर सॅकपासून चार-पाच पावलांवर कुठेतरी दुसरा असायलाच हवा. एका बाजूला नसेल तर दुसऱ्या बाजूला बघा. दिसला नाही तर पायाखाली बघा, गवताचा झुपका सोडून जिथे गवत आखूड आणि वेगळ्या रंगाचं आहे तिथे खाली दगड असू शकतो कारण मातीचा थर पातळ. दुसरा सापडला की तिसऱ्यासाठी परत चार-पाच पावलं, पण किंचित वळून. तीन झाले की वळण कळतं. मग दोघं असाल तर एकाने दगडापासून आतल्या बाजूला सतरा मीटर चालायचं, माझी साधारण बावीस-तेवीस पावलं होतात, आणि तिथे केंद्र समजून उभं राहायचं. दुसऱ्याने कडेने फिरायचं आणि मधल्याने ओरडून सांगायचं, आत ये, बाहेर जा. वारा असेल तर हातवारे. पंधरा मिनिटांत पूर्ण गोल होतो आणि तो पूर्ण होतो ना, तेव्हा जी मजा येते ती ग्रे वेदर्सला नाही येत, कारण तिथे वर्तुळ समोर ठेवलेलं असतं आणि इथे ते तुम्ही एकेक दगड जोडून काढलेलं असतं.

मी एका वहीत गोल काढतो आणि सापडेल तो दगड त्यावर टिंबाने, पडलेल्या दिशेला छोटी रेघ. चित्रकला आली पाहिजे असं अजिबात नाही. रेघा काढताना लक्ष जातं की हा आतल्या बाजूला पडलाय, तो बाहेर, ह्या दोनमध्ये मोठी फट आहे. फोनने शंभर फोटो काढले तरी घरी जाऊन सगळे सारखेच दिसतात, गवत आणि राखाडी ठिपके.

दगडांच्या खालच्या मातीचं रेडिओकार्बन डेटिंग झालंय, आणि त्यावरून हे दगड साधारण चार हजार वर्षांपूर्वीच आडवे झालेले होते. हे वाचल्यावर माझं "पडकं" ह्या शब्दाबद्दलचं मत बदललं. आपण समजतो वर्तुळ हजारो वर्षं उभं होतं आणि अलीकडे पडलं. ह्याचा उभं राहायचा काळ कमी आणि झोपायचा जास्त. एन्डाकॉट यांचं म्हणणं की मूरच्या ईशान्य बाजूला जी वर्तुळं आहेत त्यांची एक कमान होते आणि हे त्या कमानीत बसतं. टॉरवर परत गेलात की नकाशा पसरून ती कमान बोटाने काढून बघा.

नवशिक्याची अजून एक गफलत, झोपडीचा गोल आणि शिळावर्तुळ ह्यात. मूरवर कांस्ययुगातल्या झोपड्यांचे गोल शेकड्यांनी आहेत, ग्रिम्सपाउंड नावाच्या जुन्या वस्तीत तर एकाच आवारात चोवीस. ते लहान असतात, दहा मीटरच्या आतले, आणि दगड एकमेकाला लागून भिंतीसारखे, एका बाजूला दाराची फट. शिळावर्तुळात मधे मोकळी जागा सोडून दगड. तेवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

काय करायचं नाही ते थोडक्यात. दगड हलवायचा नाही, उभा करायचा तर नाहीच नाही. काठी खुपसून खाली दगड लागतो का बघायचं नाही, ती माती म्हणजेच पुरावा आहे, आत्ताच सांगितलं तारीख कशावरून निघाली ते. अशा बऱ्याच जागा कायद्याने संरक्षित आहेत, १९७९ चा कायदा आहे, आणि अशा जागी परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणं हा पण गुन्हा. मेणबत्त्या, शेकोटी नको, उष्णतेने ग्रॅनाइट तडकतो. नाणी, रिबिनी, फुलं ठेवून यायची नाहीत, भक्तिभावाने सुद्धा. बसायला हरकत नाही, मी बसलोच होतो. तंबू टाकायचा असेल तर मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डार्टमूरच्या कॉमन्सवर, म्हणजे सामाईक चराऊ जमिनींवर, तंबू लावायचा हक्क मान्य केलाय, पण तो सगळीकडे नाही, नॅशनल पार्कचा कॅम्पिंगचा नकाशा बघा, आणि पुरातत्त्वाच्या जागेवर तर नकोच. घोडी दिसतील, गोड दिसतात, खायला घालू नका. वासरं असलेल्या गायींना लांबून वळसा. कुत्रा असेल तर १ मार्च ते ३१ जुलै पट्ट्याला बांधूनच, जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात.

आता दोन गंभीर गोष्टी. एक, फायरिंग. उत्तर डार्टमूरवर लष्कराच्या सरावाच्या तीन रेंज आहेत, ओकहॅम्प्टन, मेरिव्हेल आणि विल्सवर्दी, आणि तिथे खरी गोळी चालते. ह्या रूटवरून रेंजची हद्द लांब नाही. हद्दीवर लाल-पांढरे खांब असतात, सराव असेल तेव्हा टेकड्यांवर दिवसा लाल बावटा आणि रात्री लाल दिवा. सरावाच्या तारखा सरकारच्या वेबसाइटवर आधीच टाकतात, निघायच्या आदल्या रात्री बघा. लाल बावटा दिसला तर खांबांच्या पलीकडे पाऊल नाही. आणि कुठेही धातूची कसलीही वस्तू पडलेली दिसली तर हात लावायचा नाही, आठवण म्हणून खिशात तर अजिबात नाही.

दोन, धुकं. दहा मिनिटांत येतं आणि मग वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. मूरवरच्या लोकांची समजूत आहे की पिक्सी नावाची छोटी भुतं माणसाला फिरवतात, आणि सुटका हवी तर अंगातला कोट उलटा करून घालायचा. आपल्याकडे ह्यालाच चकवा म्हणतात. कोट उलटा घालून बघायला हरकत नाही, निदान दोन मिनिटं जागेवर थांबणं होतं आणि तेच हवं असतं. मग होकायंत्र काढा. सिटाफर्डच्या वर्तुळातून ईशान्येला टॉर, टॉरवर भिंत सापडते, भिंत धरून पूर्वेला खाली ग्रे वेदर्स, आणि तिथून जंगल जवळ. शॉर्टकट मारू नका. धुक्यात भिंत सोडायची नाही, एवढं एक पाळलं तर ह्या रूटवर हरवणं अवघड आहे. चकचकीत हिरवा, मऊ गालिचासारखा तुकडा दिसला तर त्यावर पाय नको, ते दलदलीवरचं शेवाळ असतं. पांढरे कापसाचे बोंडे वाऱ्यावर हलताना दिसले तर तिथेही ओल. गवताच्या झुपक्यांवरून उड्या मारत जाणं दमवतं आणि घोटा मुरगळतो, वेळ लागला तरी वळसा बरा.

काही झालंच तर ९९९ लावून आधी पोलीस मागायचे आणि पोलिसांना माउंटन रेस्क्यू हवं म्हणून सांगायचं, ग्रिड रेफरन्स तयार ठेवायचा. फोन लागत नसेल तर शिट्टीचे मिनिटाला सहा फुंके, एक मिनिट थांबून परत. निघताना घरी कोणालातरी रूट आणि परत यायची वेळ सांगून ठेवा. आम्ही दुपारी दोनला, कुठेही असलो तरी, परत फिरतो.

घरी आल्यावर आंघोळीच्या आधी गोचीड तपासा. गुडघ्याच्या मागे, जांघेत, काखेत, केसांच्या कडेला, मुलांचं डोकं नीट बघा. तिळाएवढी असते, कधी त्याहून बारीक. चिमटा किंवा गोचीड काढायचा हुक घेऊन कातडीच्या अगदी जवळ धरून सावकाश सरळ ओढा, तेल लावणं, जाळणं असले उद्योग नकोत. पुढचे काही आठवडे त्या जागेवर लक्ष ठेवा, आणि भोवती गोल चट्टा पसरताना दिसला तर ते वर्तुळ मात्र वहीत काढत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा आणि डार्टमूरवर गेलो होतो हे आवर्जून सांगा.